आयडलिंगला रेस हेलकावे खाते, पाव-अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते. मेन जेट बदलू का?

पावथ्रॉटल:

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, चार स्ट्रोक, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारी, सीव्ही म्हणजे व्हॅक्यूम कार्ब्युरेटरवाली. रनिंग ५८,००० किमी. टाकीत पेट्रोल तसंच ठेवून पाच महिने उभी होती, त्यानंतर त्रास सुरू झाला.

लक्षणं अशी. थंड असताना चोकवर लगेच सुरू होते. चोक काढला की रेस ११०० ते १९०० च्या मध्ये वर-खाली होत राहते. गरम झाल्यावर सिग्नलला कधी बंद पडते, तर कधी रेस वरच अडकून बसते. थ्रॉटल सोडला तरी रेस दोन-तीन सेकंद लोंबकळते आणि मग खाली येते. उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरमध्येच सोडली की सायलेन्सरमधून फट-फट आवाज.

दुसरा त्रास चालवताना. चौथ्या गिअरमध्ये ४००० ते ५५०० आरपीएमला, थ्रॉटल पाव ते अर्धा असताना, गाडीचा दम गळतो. झटका बसत नाही, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं. मूठ पूर्ण पिळली की व्यवस्थित ओढते. अर्धा चोक ओढून चालवली तर मधलं अडखळणं जवळजवळ जातं.

आतापर्यंत केलेलं काम: नवा प्लग (गॅप ०.७ मिमी), नवा एअर फिल्टर, मिक्श्चरचा स्क्रू तीन फेरे बाहेर. प्लग काढून बघितला तर आतली चिनी माती पांढरीफटक आहे. मेन जेट (पेट्रोल मोजणारं भोक असलेला पितळी स्क्रू) दोन नंबर मोठा टाका आणि सुई वर उचला, असा सल्ला मिळाला आहे. आधी काय करू?


फ्लोटबाऊल:

मेन जेटला हात लावू नका. तुमच्याच वर्णनात त्याचं कारण आहे: मूठ पूर्ण पिळल्यावर गाडी ओढते. मेन जेटचं राज्य पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला असतं, आणि तिथे तुमची तक्रारच नाही. तो मोठा केला तर आज जिथे गाडी बरी चालते तिथे ती रिच (पेट्रोल जास्त) होईल, आणि मूळ दोष जागचा हलणार नाही.

कार्बचा दोष शोधताना आरपीएमपेक्षा थ्रॉटल किती उघडा आहे ते आधी बघायचं. "४००० ते ५५०० ला अडखळते" एवढ्यावरून फारसं कळत नाही, कारण ४००० आरपीएम पाव थ्रॉटललाही येतात आणि चढावर पूर्ण थ्रॉटललाही. दोन्ही वेळी पेट्रोल वेगळ्या वाटेने येतं. मुठीवर कागदी चिकटपट्टी लावा, स्विचच्या डबीवर एक रेघ मारा आणि मुठीवर बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा पाच खुणा करा. मग चौथ्या गिअरमध्ये एकेका खुणेवर मूठ स्थिर धरून गाडी काय करते ते टिपून ठेवा. पुढचं निम्मं काम या पट्टीवर होतं.

तुमची लक्षणं एका दिशेला बोट दाखवतात: मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. लोंबकळणारी रेस, थ्रॉटल सोडल्यावरची फट-फट, पांढरा प्लग, चोकने आराम पडणं, सगळं त्यात बसतं. आता "हवा जास्त" आणि "पेट्रोल कमी" वेगळं करायचं. हवेची तपासणी पाच मिनिटांची आहे, म्हणून ती आधी.

इंजिन गरम करा आणि आयडलवर ठेवा. साध्या पाण्याची स्प्रे बाटली घ्या, फवारा अगदी बारीक ठेवा. कार्ब आणि इंजिन यांच्यामधल्या मॅनिफोल्डच्या रबरावर, दोन्ही क्लॅम्पच्या कडांवर, हेडला जिथे मॅनिफोल्ड बसतो त्या सांध्यावर आणि व्हॅक्यूमची नळी जोडलेल्या निपलवर एकेका जागी थोडं पाणी मारा. फट असेल तर पाणी ती क्षणभर बुजवतं आणि रेस त्याच क्षणी बदलते. पुष्कळ जण हे कार्ब क्लीनर मारून करतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी पेटणारा फवारा मारू नका, पाण्याने तेच काम होतं. पाणी एअर फिल्टरकडे आणि प्लगच्या टोपीवर जाऊ देऊ नका.

रबर वरून चांगलं दिसलं म्हणून सोडू नका. तडा बहुतेक वेळा खालच्या बाजूला, घडीच्या खोबणीत असतो आणि रबर हाताने वाकवल्याशिवाय दिसत नाही. हेडकडचा ओ-रिंग चपटा होऊन फ्लँजच्या पातळीवर आला असेल तर तोही गळतो.

मिक्श्चरचा स्क्रू कार्बवर नेमका कुठे आहे तेही सांगा, इंजिनच्या बाजूला की एअर फिल्टरच्या? इंजिनच्या बाजूचा असेल तर तो बाहेर काढला की मिक्श्चर रिच होतं. फिल्टरच्या बाजूचा असेल तर तो फक्त हवा मोजतो, आणि बाहेर काढला की आणखी लीन होतं. हे न बघता तीन फेरे फिरवले असतील तर कदाचित उलट्या दिशेने गेला असाल.


टॅपेट-दहा:

वरचं बरोबर आहे, एक दुरुस्ती करतो. सीव्ही कार्बमध्ये मुठीची खूण आणि सुईची जागा यांचा थेट संबंध नसतो. मूठ फक्त बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी चकती) फिरवते. स्लाइड (कार्बमध्ये वर-खाली सरकणारा दट्ट्या) आणि तिला लटकलेली सुई इंजिन किती हवा ओढतंय त्यावर वर जाते. त्यामुळे न्यूट्रलमध्ये रेस देऊन मधल्या थ्रॉटलची परीक्षा होत नाही. लोड नसताना स्लाइड जेमतेम उचलते, पेट्रोल पायलट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट) आणि बटरफ्लायजवळच्या बायपासच्या भोकांतूनच येत राहतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. परीक्षा वरच्या गिअरमध्ये, लोडखालीच घ्या.

कार्ब खोलण्याआधी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फटही बघा. ५८,००० किमीला इनटेकचा टॅपेट घट्ट झाला असेल तर इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आयडलला भरलेला चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) उलटा कार्बकडे फुसकतो आणि रेस अस्थिर होते. लक्षण हुबेहूब खराब कार्बसारखं दिसतं. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. मॅग्नेटोवरची टी खूण जुळवा. दोन्ही रॉकर हाताने थोडे हलले पाहिजेत. हलले नाहीत तर इंजिन एक्झॉस्टच्या फेरीत आहे, पूर्ण एक फेरा पुढे फिरवा. मग फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) फट मोजा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या. अशा इंजिनांत इनटेक साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असतो, एक्झॉस्ट तेवढाच किंवा थोडा जास्त. पाती हलकी अडकत सरकली पाहिजे. लॉकनट घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

इग्निशनबद्दल थोडक्यात. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची टोपी किंवा कॉइल कमजोर असेल तर पहिली बोंब पूर्ण थ्रॉटलला, चढावर होते, आणि मिसिंग झटक्यासारखं जाणवतं. तुमचं नेमकं उलट आहे. तरी मल्टिमीटर हाताशी असेल तर टोपीचा रेझिस्टन्स बघून घ्या. ५ किलोओहमची टोपी ५ च्या आसपास दाखवायला हवी. कित्येक पटीने जास्त किंवा ओपन दाखवली तर बदला.


पावथ्रॉटल:

तपासणी केली. मिक्श्चरचा स्क्रू इंजिनच्या बाजूला, खालून आहे.

पाण्याचा फवारा मॅनिफोल्डच्या रबराच्या खालच्या बाजूला मारल्यावर रेस १५०० वरून १२०० वर आली. रबर काढून वाकवला तर घडीत दोन तडे, एक जवळपास आरपार. रबर आणि ओ-रिंग दोन्ही नवीन टाकले. पुन्हा फवारा मारला, रेस कुठेच बदलत नाही.

टॅपेट: इनटेक ०.०४, एक्झॉस्ट ०.०९. मॅन्युअलमध्ये इनटेक ०.०८, एक्झॉस्ट ०.१०. दोन्ही जुळवले. प्लगची टोपी ४.९ किलोओहम.

आता आयडल १३५० ते १५०० मध्ये राहतं, लोंबकळणं खूप कमी झालं. पण पाव ते अर्ध्या खुणेला चौथ्या गिअरमध्ये अडखळणं होतं तसंच आहे. रबराने तेही जायला हवं होतं ना?


फ्लोटबाऊल:

नाही, आणि का नाही ते समजून घेतलंत तर पुढची दिशा आपोआप मिळते. आयडलला बटरफ्लाय जवळजवळ बंद असतो. मॅनिफोल्डमध्ये ओढ सगळ्यात जास्त आणि इंजिनला लागणारी एकूण हवा सगळ्यात कमी. त्यामुळे एवढ्याशा तड्यातून घुसलेली हवासुद्धा एकूण हवेचा मोठा हिस्सा होते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते आणि एकूण हवा कित्येक पट वाढते, मग त्याच तड्याचा हिस्सा नगण्य होतो. म्हणून हवेची गळती आयडलला सगळ्यात जास्त छळते आणि मधल्या थ्रॉटलला कमी. अर्ध्या थ्रॉटलला तसंच अडखळत असेल तर तिथे पेट्रोलच कमी पडतंय.

पाच महिने उभ्या कार्बमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, पिवळसर-तपकिरी थर राहतो. तो दोन जागी नडतो. पहिली, पायलट जेट. त्याचं भोक ०.३५ ते ०.४० मिमीच्या आसपास, केसाएवढा थर बसला तरी निम्मं बुजतं. पायलट फक्त आयडलला पेट्रोल देतो असं नाही. बटरफ्लाय पाव उघडेपर्यंत बायपासच्या भोकांतून तोच पुरवठा करतो. दुसरी जागा निडल जेट, म्हणजे ज्या नळीत सुई वर-खाली होते ती. पाव ते पाऊण थ्रॉटलला पेट्रोल सुई आणि त्या नळीमधल्या कडीएवढ्या फटीतून मोजलं जातं. नळीच्या आतल्या भिंतीला थर बसला की ती कडी अरुंद होते आणि मधला पट्टा लीन होतो. पूर्ण थ्रॉटलला सुईचं बारीक टोक वर येतं, फट मेन जेटपेक्षा मोठी होते आणि थराचा परिणाम जाणवत नाही. तुमची "मध्ये अडखळते, पुढे ओढते" ही तक्रार इथे बसते.

आता कार्ब खोलायचा. इंजिन थंड, जागा हवेशीर, जवळपास कसलीही आग किंवा ठिणगी नाही.

फ्लोट बाऊलचा (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्या आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. तळाशी पाण्याचे मणी किंवा पांढरट भुकटी दिसली तर टाकीही रिकामी करावी लागेल, नाहीतर साफ कार्ब आठवड्यात पुन्हा भरेल.

वरचं झाकण उघडताना आत स्प्रिंग आहे हे लक्षात ठेवा. स्लाइड आणि रबरी पडदा अलगद बाहेर काढा. पडदा उजेडासमोर धरून हलका ताणा आणि कडेच्या वळीत भोक शोधा. (तुमच्या पडद्यावर माझा संशय नाही. पडदा फाटला तर स्लाइड उचलत नाही आणि पूर्ण थ्रॉटललाही गाडी पुढे जात नाही.) पडद्याला कार्ब क्लीनर लावू नका, रबर फुगतं आणि परत खोबणीत बसत नाही. साबणाचं पाणी पुरे. स्लाइड बोटाने वर सरकवून तिच्या तळाचं भोक बुजवा आणि सोडा. पडदा आणि झाकण नीट असतील तर ती धाडकन पडणार नाही.

मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी आत जाईपर्यंत हलक्या हाताने फिरवा, फेरे मोजा, आकडा लिहून ठेवा. टेकला की थांबा. जोर लावला तर टोकावर कडा पडते किंवा टोक मोडून भोकात अडकतं. बाहेर काढताना क्रम बघा: स्क्रू, स्प्रिंग, वॉशर, सगळ्यात आत चिमुकला ओ-रिंग. तो बहुतेक वेळा आतच चिकटून राहतो. त्याच्यावर क्लीनर पडला किंवा तो हरवला तर स्क्रूच्या कडेने हवा जाते आणि आयडल कधीच जुळत नाही.

जेट काढायला खाचेत पूर्ण भरणारा स्क्रू ड्रायव्हर हवा. पितळ मऊ असतं, लहान ड्रायव्हर घसरला की खाच गेली. पायलट जेट उजेडासमोर धरा, गोल, धारदार कडेचा प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. अंडाकृती किंवा अंधुक दिसला तर अजून बुजलेला आहे. स्टीलची तार किंवा सुई घालू नका. भोक ०.३५ चं ०.३८ झालं तरी क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी वाढतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. क्लीनरमध्ये भिजवा. लागलंच तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार हलक्या हाताने वापरा.

मेन जेट काढल्यावर निडल जेट वरच्या बाजूने लाकडी काडीने ढकला, म्हणजे बाहेर येईल. ती क्लीनरमध्ये दोन-तीन तास बुडवा, मग आतून कापडाची वात ओढून पुसा. पांढऱ्या वातीवर तपकिरी डाग येत राहतील तोवर ओढा. बाजूची बारीक भोकंही मोकळी करा, त्यातून पेट्रोलमध्ये हवा मिसळते. सुईवर तपकिरी पट्टा असेल तर कापडानेच पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, निमुळता आकार बिघडतो.

कार्बच्या तोंडाशी, फिल्टरच्या बाजूला, दोन छोटी हवेची भोकं आहेत, पायलटची आणि मेनची. त्यात क्लीनरची नळी लावा आणि बघा: बटरफ्लायजवळच्या दोन-तीन बारीक भोकांतून आणि मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून सरळ धार आली पाहिजे. चष्मा घाला, धार डोळ्यात येते. मग कॉम्प्रेसरची हवा. फ्लोट आणि पडदा बाहेर काढलेले असतील तरच हवा मारा.


टॅपेट-दहा:

फ्लोटची (बाऊलमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंचीही त्याच वेळी मोजा, पुन्हा खोलायला नको. लेव्हल कमी असेल तर पेट्रोलला नळीतून जास्त उंच चढावं लागतं आणि सगळ्या थ्रॉटलला थोडं लीन राहतं. सगळ्यात ठळक दिसतं ते पायलटकडून सुईकडे जाताना, म्हणजे पाव थ्रॉटलच्या आसपास. कार्ब आडवा धरा आणि इतपतच कलवा की फ्लोटची पट्टी निडल व्हॉल्व्हच्या (बाऊल भरला की पेट्रोल अडवणाऱ्या) टोकाला नुसती टेकेल, त्यातली छोटी स्प्रिंग दबायला नको. मग गास्केट काढून बाऊलच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या उंच कडेपर्यंत मोजा. आकडा मॅन्युअलचा. निडल व्हॉल्व्हच्या निमुळत्या टोकावर गोल खाच उठली असेल तर उंची जुळवू नका, व्हॉल्व्हच बदला.

बसवल्यावर खात्री करायची तर ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, ती बाऊलच्या बाजूने उभी धरा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. नळीतली पातळी हीच आतली पातळी.

आणि टाकीकडून येणारा प्रवाह. कार्बची नळी काढून एक मिनिट पेट्रोल मापाच्या भांड्यात सोडा. अशा इंजिनाला पूर्ण थ्रॉटललाही मिनिटाला १०० मिलीच्या आतच लागतं, त्यामुळे २०० मिली आलं तर काळजी नाही. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याची व्हॅक्यूमची नळी तोंडाने हलकी ओढून धरावी लागेल. आधी ती नळी आतून कोरडी आहे ना ते बघा. ओली असेल तर कॉकचा पडदा फाटून पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय.


आठ-वाजता-आरपीएम:

धाग्यात मध्येच शिरतो. माझ्या चारचाकीत इंजेक्शन आहे, आयडल डळमळीत आणि मधल्या रेंजला पिकअप मंद. यातलं काय लागू होतं? स्कॅनर आहे.


फ्लोटबाऊल:

तर्क तोच, हत्यार वेगळं. स्कॅनरवर शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते) उघडा, दोन्हींची बेरीज दोनदा लिहा: एकदा गरम इंजिन आयडलला, एकदा २५०० आरपीएमला स्थिर धरून. उणे-अधिक १० च्या आत असेल तर सोडून द्या.

आयडलला +१८ आणि २५०० ला +३ असेल तर हवा गळतेय, वर सांगितलं त्याच कारणाने. पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ परत ओढणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्ड गास्केट, ऑइल डिपस्टिकचा सील. उलट, आयडलला +२ आणि रेस व लोड वाढेल तसं +१५ च्या वर जात असेल तर पेट्रोल पुरत नाही किंवा मास एअरफ्लो सेन्सर मळला आहे आणि हवा कमी मोजतोय. आधी त्याच्यासाठीच असलेल्या क्लीनरने सेन्सरची तार साफ करा, बोट किंवा कापड लावू नका. मग फ्युएल प्रेशर गेजने मोजा, पंप नुसता आवाज करतोय यावर समाधान मानू नका.

एक खबरदारी. मास एअरफ्लो नसून फक्त मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर असेल तर गळतीची हवा त्या सेन्सरला दिसते आणि ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल देतं. ट्रिम फारशी हलत नाही, आयडल मात्र वर जातं. तिथे ट्रिम चांगली आहे म्हणून गळती नाही असं समजू नका, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह जवळजवळ बंद दाखवतोय का ते बघा.

एकाच ठरावीक पेडल स्थितीला झटका बसत असेल तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर. इग्निशन ऑन, इंजिन बंद, पेडल अगदी सावकाश दाबत व्होल्टेज बघा. साधारण ०.५ पासून ४.५ व्होल्टच्या आसपासपर्यंत सलग चढायला हवं. मध्ये कुठे आकडा गचकन पडला तर आतला पट्टा तिथे झिजला आहे. ईजीआर (जळालेला वायू पुन्हा इनटेकला सोडणारा) व्हॉल्व्ह थोडा उघडा अडकला असेल तर आयडल खडबडीत, पण रेस वाढवली की बरं, असं दिसतं.

पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे दोन गाड्यांचे आकडे मिसळतील.


पावथ्रॉटल:

कार्ब खोलून साफ केला. बाऊलमधलं पेट्रोल गढूळ होतं, पाणी नव्हतं. पायलट जेट उजेडासमोर अर्धचंद्रासारखा दिसत होता, भिजवल्यावर गोल झाला. निडल जेटच्या आतून चार वाती तपकिरी निघाल्या, पाचवी स्वच्छ. पडद्याला भोक नाही. फ्लोटची उंची मॅन्युअलपेक्षा १ मिमी चुकत होती, लेव्हल कमी पडेल अशी. ती जुळवली. टाकीचा प्रवाह मिनिटाला ३१० मिली.

पाव ते अर्ध्या खुणेला अडखळणं गेलं. फक्त पाव थ्रॉटल स्थिर धरून सपाट रस्त्यावर चालवली की अगदी हलकी थरथर उरली आहे. मिक्श्चरचा स्क्रू सध्या २ फेरे बाहेर. फट-फट एखाददुसरी. आता सुई उचलू?


फ्लोटबाऊल:

आधी मिक्श्चर नीट लावा, आत्ताचे दोन फेरे अंदाजाचे आहेत. दहा मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा. आयडल स्क्रूने रेस १४०० ला आणा. मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा आत न्या, प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबा. रेस पडायला लागली ती जागा लक्षात ठेवा. मग बाहेर काढत जा; रेस चढेल, स्थिर होईल आणि पुढे पुन्हा जड होऊन पडेल. दोन्हींच्या मधली, रेस सगळ्यात वर असते ती जागा पकडा आणि तिथून पाव फेरा बाहेर ठेवा. रेस पुन्हा १४०० ला आणा, सगळं आणखी एकदा करा. स्क्रू फिरवूनही रेस बदलत नसेल तर आयडल स्क्रू खूप आत आहे: बटरफ्लाय बायपासच्या भोकांपलीकडे उघडला आहे आणि मिक्श्चर स्क्रूचा ताबा सुटला आहे.

योग्य जागा एक ते अडीच फेऱ्यांमध्ये मिळाली तर पायलट जेट बरोबर आहे. तीनच्या वर जावं लागलं तर तो अजून पूर्ण साफ नाही, किंवा एक नंबर मोठा लागेल.


टॅपेट-दहा:

एक नंबर मोठा लागण्याचं आणखी एक कारण पेट्रोलमध्येच असू शकतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. १० टक्के इथेनॉल असेल तर सुमारे १४.१ आणि २० टक्के असेल तर सुमारे १३.५. म्हणजे त्याच जेटमधून, त्याच हवेला, २० टक्के मिश्रण आठेक टक्के लीन पडतं. इंजेक्शनवाली गाडी ट्रिमने हे भरून काढते, कार्बला ते कळत नाही. शुद्ध पेट्रोलवर लीनच्या कडेने जेट ठरवलेल्या कार्बमध्ये पाव थ्रॉटलची स्थिर थरथर हे त्याचं नेहमीचं लक्षण.

मिक्श्चर लावूनही थरथर राहिली तर सुईकडे वळा. पुष्कळ सीव्ही कार्बमध्ये सुईला एकच खाच असते, क्लिप सरकवता येत नाही. सुईच्या माथ्याखाली ०.५ मिमीचा एकच पातळ वॉशर घाला, म्हणजे सुई तेवढी वर येईल. वॉशर सुईच्या दांड्यावर घट्ट बसू नये आणि स्लाइडमधली हवेची भोकं झाकू नये. मुठीच्या खुणांवर पुन्हा चालवून बघा. थरथर गेली आणि अर्ध्या खुणेला जडपणा आला नाही, तर झालं. जडपणा आला, प्लग काळा पडला, तर वॉशर काढा.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच गिअर.


पावथ्रॉटल:

मिक्श्चर सांगितल्याप्रमाणे लावलं. सगळ्यात वरची रेस २ फेऱ्यांना, ठेवला २¼ ला. आयडल १४०० ला स्थिर, थ्रॉटल सोडला की एका दमात खाली येतं. थरथर खूप कमी, पण शोधली तर सापडते. ०.५ चा एक वॉशर घातला, आता पाव खुणेला चौथ्या गिअरमध्ये गुळगुळीत. अर्ध्या आणि पूर्ण खुणेला काही बदल नाही. थ्रॉटल बंद करून उतारावर एखादी फट अजून येते, ती घालवायची का?


फ्लोटबाऊल:

एखादी फट राहू द्या. थ्रॉटल बंद करून इंजिन ब्रेकिंग करताना मिक्श्चर थोडं लीन होतंच, आणि न जळलेला चार्ज सायलेन्सरमध्ये पेटतो. वाढली तर सायलेन्सरचा हेडकडचा गास्केट बघा, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. थंड इंजिन सुरू करून सांध्याजवळ हात धरलात तर गळती असल्यास धक्के जाणवतात. तापल्यावर हात नेऊ नका.

प्लग आत्ता बघू नका. नव्या सेटिंगवर निदान ५० किमी चालवा, मग अर्ध्या खुणेवर दोन-तीन किमी स्थिर चालवून तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि थंड झाल्यावर प्लग काढा. आयडलवर घरापर्यंत आणलेला प्लग आयडलचाच रंग दाखवतो. चिनी माती फिकट तपकिरी आली तर बरोबर. पांढरीच राहिली तर वॉशर आणखी न वाढवता मॅनिफोल्डचा क्लॅम्प आणि फ्लोटची लेव्हल पुन्हा बघा.

पुन्हा महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि ड्रेन स्क्रू सैल करून बाऊल रिकामा करा. कॉक व्हॅक्यूमवाला असेल तर बंद करायचं काही नाही, इंजिन थांबलं की तो आपोआप बंद असतो; फक्त बाऊल रिकामा करा. मिक्श्चरचे २¼ फेरे आणि ०.५ चा वॉशर हे दोन्ही आकडे मॅन्युअलच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.